माशांच्या टाकीची तोटी

"इंजिन ओरडायच्या आधी कुजबुजतं गं. तेवढं ऐकायचं." माझी हनुवटी बॉनेटला जेमतेम पोचायची, तेव्हाचा मावशीचा हा आवाज. तिच्या कानांच्या भरवशावर अर्ध्या शहराच्या गाड्या पळाल्या.

आता तिची जुनी, दोन दारांची टर्बो गाडी मी चालवते. रविवारी चढणीची शर्यत. नव्या गाड्यांपुढे टिकायचं तर टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब वाढवायला हवा. आणि त्या नादात इंजिन फुटलं तर दुसरं मिळणार नाही.

"महागडी यंत्रं कशाला?" म्हणत मावशी माशांच्या टाकीची पितळी तोटी घेऊन आली.

"आणि मासे?"

"शेजारणीकडे गेलेत. मजेत आहेत."

दाब पुरेसा झाला की टर्बोची झडप उघडते, जादा धूर बाजूनं जातो. दाबाची खबर झडपेला पोचवते एक रबरी नळी. मावशीनं ती कापून मध्ये तोटी बसवली. तोटीतून थोडी हवा गळली की झडपेला खबर कमी लागते, ती उशिरा जागी होते, तोवर टर्बो फुंकून घेतो. दाब अति झाला तर मात्र इंजिन आतून ठोके देतं. ते टिपायला मावशीनं इंजिनला तांब्याची नळी आवळली, तिला जोडलेलं लांब रबर खिडकीतून आत घेतलं आणि कानाला लावून माझ्या शेजारी बसली.

गोदामांमागचा सरळ रस्ता. तोटी पाव फेरा उघडली. तिसरा गिअर, पाय खाली. शीळ उठली, पाठ सीटला चिकटली.

"स्वच्छ," मावशी म्हणाली. "उतरून फिरव आणखी."

फिरवली. गाडी बाणासारखी सुटली.

"स्वच्छ. रविवारी बाकीचे आपली धूळ खाणार."

पुन्हा फिरवली. यावेळी गोदामाच्या भिंतीवरून आवाज उलटा आला, डब्यात खडे हलावेत तसा. मी पाय उचलला.

"स्व..." मावशी माझ्याकडे बघून थांबली.

"ठोके होते, मावशी. नळी तुझ्या कानाला, नि ऐकले मी?"

मी उतरून तोटी पाव फेरा मागे घेतली. परत आले तर ती चालकाच्या जागेवर बसलेली, नळी माझ्यापुढे धरून.

"वर्ष झालं, बारीक आवाज येत नाहीत मला," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून सांगत होते."