पहिला कप

माझ्या दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त केलेला स्टोव्ह गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्याच्यावर चहा करायचा आणि पहिला कप ज्याने हात काळे केले त्याने प्यायचा. चहाला रॉकेलचा वास आला तर स्टोव्ह परत खोलायचा. चाळीस वर्षं पहिला कप मीच प्यायलो. मग घरोघरी गॅस आला आणि दुकान बंद झालं. नियम मी मोडला नाही; स्टोव्हच येईनासे झाले, त्याला मी काय करणार?

मुलगी त्या दुकानातच वाढली. अंगाने काडी, म्हणून मी तिला काडीच म्हणतो. आता ती पाच जणांबरोबर बर्फाच्या डोंगरावर निघाली होती. वर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, आणि ते काम काडीने मागून घेतलं होतं. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर. त्याला गॅसचा डबा न्यायचा होता, हलका आणि बिनकटकटीचा. काडी म्हणाली, कडाक्याच्या थंडीत गॅस मान टाकतो, रॉकेलचा स्टोव्ह नेऊ. शेवटी ठरलं की रविवारी तिने आमच्या गच्चीवर तो पेटवून दाखवायचा. जमलं तर पाणी तिच्याकडे, नाहीतर गॅस न्यायचा आणि काम दुसऱ्याला.

स्टोव्ह घ्यायला मीही गेलो होतो. विक्रेता तीन स्टोव्ह मांडून वजनं सांगत बसला. काडीने पिशवीतून जाड हातमोजे काढून घातले आणि तिन्ही स्टोव्ह खोलायला घेतले. जो मोजे न काढता खोलता आणि जोडता आला, तो घेतला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोंडाने मात्र एवढंच म्हणालो, "याला पितळ कुठे आहे?"

शनिवारी ती बाहेर गेल्यावर मी तो खोलला. माझ्या हाताखालून एकही स्टोव्ह पिन मारल्याशिवाय गेलेला नाही, मग हाच का जाईल? माझी जुनी पिन नोजलच्या, म्हणजे रॉकेलची वाफ सुटते त्या बारीक भोकात घातली. ती अडली. मी जरा जोर केला, तेव्हा गेली.

रविवारी डॉक्टर घड्याळ घेऊन हजर. काडीने रॉकेल गाळून स्टोव्हला जोडायच्या बाटलीत भरलं, वीस वेळा पंप मारला, बर्नरखालच्या वाटीत थोडं रॉकेल सोडून पेटवलं आणि थांबली. इथे भल्याभल्यांना धीर निघत नाही. ती ज्योत विझत आल्यावरच तिने चावी सोडली. निळी ज्योत यायला हवी होती. आली ती पिवळी, हातभर उंच, धूर ओकणारी.

"म्हणूनच मी गॅस म्हणत होतो," डॉक्टर मागे सरकत म्हणाला.

मला आवाजावरूनच कळलं. नोजलचं भोक मोठं झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गप्प बसलो असतो तर दोष पोरीच्या निवडीला लागला असता. चाळीस वर्षांत मी कुणासमोर चूक कबूल केली नव्हती.

"स्टोव्ह चांगला आहे, डॉक्टर. काल मी त्यात जाड पिन घातली. माझ्यामुळे बिघडला."

काडीने चावी बंद केली. "दहा मिनिटं थांबा," ती डॉक्टरला म्हणाली. बर्नर गार झाल्यावर तिने बाटलीतली हवा सोडली, हातमोजे घातले, नोजल काढून उजेडात धरलं आणि पुडीतून नवं काढून बसवलं.

"जादा नोजल कधी घेतलंस?" मी विचारलं.

"स्टोव्हबरोबरच. बाबा, तुम्ही घरात असताना ते न घेऊन कसं चालेल?"

डॉक्टर हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. या वेळी ज्योत निळी आली आणि पाणी बघता बघता उकळलं.

"वर हा बिघडला तर काय करशील, असं विचारणार होतो," डॉक्टर म्हणाला.

"मग पाहिलंत की."

त्याने घड्याळ खिशात टाकलं. "पाणी तुझ्याकडे."

मग चहा झाला. काडीने सवयीने पहिला कप माझ्यापुढे धरला. हात माझेही काळे झाले होते, पण बिघडवताना. मी कप तिच्याकडे सरकवला.

"हा दुरुस्त करणाऱ्याचा."

तिने एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. "वास नाही," ती म्हणाली.

मग डॉक्टरने कप उचलला. आयुष्यात पहिल्यांदा माझा नंबर शेवटी लागला होता, आणि मान इतकी ताठ कधीच नव्हती.