आत्याचा धवला

चांगुणा, चांगुणेची सून बायजा, बायजेची लेक मालन. शीळफाट्याजवळच्या त्या आगरी गावात लग्न म्हटले की या तिघींपैकी एकीचा आवाज मांडवात उठल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. त्या धवलारिणी होत्या. लग्नातला प्रत्येक विधी त्यांनी गायलेल्या धवल्यानेच पुरा होई. त्या एक ओळ म्हणत आणि बाकीच्या बाया ती झेलत.

चौथी पाळी उत्तराची होती. आई गेल्यावर तिला वाढवणाऱ्या मालनआत्यानेच तिला त्यातून सोडवले. "तू पाटी घे गो बाय. गाना मी सांभालते. पन म्हातारपनी एकदा माझा आखा धवला तुझ्या तोंडून आयकव. तेवरंच तुझ्यावर रीन."

उत्तरा ठाण्याला शिकली, डोंबिवलीत मुख्याध्यापिका झाली, निवृत्त होऊन सत्तरी ओलांडून बसली. ऋण तसेच राहिले. यंदा दिवाळीला भेटायला गेली तेव्हा आत्याचा आवाज पार बसला होता. तिने केवळ भुवया उंचावून विचारले, कधी?

त्याच आठवड्यात उत्तराबाईंनी बेत आखला. मोहन्याला, जुन्या रेयॉन कारखान्यापलीकडे, दिवंगत भावाची बंद खोली होती. तिथे एकटीने राहायचे, धवला आठवून कागदावर उतरवायचा आणि थेट आत्यापुढे जाऊन म्हणायचा.

"आई, मोहने म्हणजे काय महाबळेश्वर आहे?" मुलगा साकेत हसला.

"महाबळेश्वरला तुमच्यासारखे हवा खायला जातात. मला काम आहे. फोन बंद राहील. वाणसामान दाराबाहेर ठेवायचे आणि निघायचे. कोणी हाक मारायची नाही."

"आणि काही झालंच तर?" सून विनिताने भीतभीत विचारले.

"घर पेटले तरी मला बोलावू नका. विझवा."

या घरात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

पहिले काही दिवस कोरडे गेले. टेबलाशी ताठ बसून त्या लिहीत. ओळ उतरे, पण व्याकरणाने न्हाऊनमाखून परक्या घरी आल्यासारखी उभी राही. खिडकीबाहेर कारखान्याची बंद धुराडी. कंटाळून एका सकाळी त्यांनी सुपात तांदूळ घेतले आणि जमिनीवर बसून पाखडू लागल्या. हात हलले तसा गळा हलला. लहानपणी आत्याच्या मांडीला मांडी लावून झेललेली ओळ आपोआप आली, तिच्यामागे दुसरी. मग रोज तेच. तांदळात कोंडा उरला नाही तरी सूप थांबले नाही. पाखडायचे, थांबायचे, लिहायचे.

तेलवणाचे गाणे हाती लागत असतानाच दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली आली. पिशवी टेकल्याचा आवाज झाला, तरी सावली हलेना.

"साकेत, पिशवी ठेवलीस ना?"

"हो... आई..."

"मग नीघ."

सावली गेली. ओळ सापडली.

शेवटचे गाणे पुरे झाले त्या सकाळी त्यांनी फोन सुरू केला. "गाडी घेऊन ये. आत्याकडे जायचे आहे."

साकेत म्हणाला, "आई, आज तिचा दहावा आहे."

"आणि मला कोणी सांगितले नाही?"

"दाराशी उभा होतो की मी. तूच म्हणालेलीस, विझवा."

उत्तराबाईंनी कागद पिशवीत भरले.

गावच्या तळ्यावर पिंड मांडलेला होता. कावळे पिंपळावर बसून होते. एकही खाली उतरेना. मालनचा लेक सहदेव मुंडन केलेल्या डोक्याने हात जोडून एकेक वचन देत होता. "आये, नातीचं लगीन थाटात करीन. आये, घरानं भांडन करनार नाय. आता आजून काय पायजे गो तुला?" अखेर भटजींनी कावळा करायला दर्भ हातात घेतला.

"थांबा," मागून आवाज आला. गर्दी आपोआप बाजूला झाली.

उत्तराबाई पिंडासमोर ओल्या मातीत मांडी घालून बसल्या. कागद पिशवीतच राहिले. पहिल्या ओळीला आवाज चिरकला. दुसरी ओळ एका म्हातारीने झेलली, मग चौघींनी. हळद झाली, तेलवण झाले, मांडव झाला. ऊन डोक्यावर आले. भटजींनी एकदा खाकरून पाहिले. त्यांच्याकडे कोणी वळले नाही.

धवल्याच्या शेवटी सगळ्यांचा मान गातात; गाणारणीचा तेवढा कधी गात नाहीत. उत्तराबाईंनी तो गायला:

"पयला मान कुनाचा गो, चांगुणा आयचा,
दुसरा मान कुनाचा गो, बायजा आयचा,
तिसरा मान कुनाचा गो, मालन आयचा."

बायांनी शेवटची ओळ झेलली आणि सहदेव ओंजळीत तोंड घालून रडू लागला. मागे पंखांची फडफड झाली, कोणी तरी "शिवला, शिवला" म्हणाले. उत्तराबाईंनी मान वर केली नाही. आखा धवला म्हणून झाला होता. एक ओळही मागे ठेवली नव्हती.