रायनाचं वाक्य

पेन्काबाईंना सोमवारपासूनच या सगळ्याची शिसारी आली होती. शुक्रवारी जिल्ह्याची समिती तिसरीचा इंग्रजीचा तास बघायला येणार, म्हणून आठवडाभर तोच तास पोरांकडून घोटून घेणं चाललं होतं. ‘आय ॲम’ जोडून ‘आयम’, ‘शी इज’ जोडून ‘शीज’. कोणी कुठलं वाक्य म्हणायचं तेही ठरलेलं. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा, म्हणजे पाहुण्यांना अख्खा वर्ग हुशार दिसतो. ही सगळी हेडबाईंची अक्कल.

रायना बोलताना अडखळायची. तिच्या वाट्याला एवढंच होतं: “आयम रायना.” मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून ती तेवढंच घोकायची. गुरुवारी हेडबाईंनी पेन्काबाईंना जिन्यात गाठलं.

“त्या रायनाला उद्या ताप आलाय.”

“उद्या?”

“पेन्का, वेड पांघरू नकोस. ती आय, आय करत बसली म्हणजे शाळेची शोभा होईल. कोणी विचारलंच तर पोरांनी सांगायचं, शीज इल. तेवढीच उजळणी.”

काय ही माणसं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण नोकरीच्या भीतीने त्यांनी ते गिळलं. पोरीला उद्या घरीच ठेवा, असं रायनाच्या आईला फोन करून सांगायचंही धाडस झालं नाही. शुक्रवारी पोरगी पांढराशुभ्र इस्त्रीचा ब्लाउज घालून, वेण्यांना फिती लावून हजर. बाईंनीच तिला शेजारच्या वाचनालयात नेऊन बसवलं. “थांब हं राणी, बोलावते.”

तास झकास झाला. हात भराभर वर गेले. समितीतल्या एका गृहस्थांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं, तेव्हा वर्ग एका सुरात म्हणाला, “शीज इल.” एकही मूल चाचरलं नाही.

“वा, उच्चार काय सुरेख,” गृहस्थ म्हणाले. हे पेन्काबाईंनीच शिकवलं होतं. आणि भिंतीपलीकडे रायनाने ते ऐकलं होतं.

मग हेडबाईंच्या खोलीत पाहुणे चीज भरलेली पापुद्र्यांची गरम पेस्ट्री, बानित्सा, चापत बसले. बोटं तुपकट, ओठांवर पापुद्रे, आणि तोंडभर एकमेकांचं कौतुक. बघवत नव्हतं. पेन्काबाई रायनाचा हात धरून तडक आत शिरल्या.

“ही आमची रायना. हिचं वाक्य राहिलंय. ऐकून घ्या.”

“पेन्का,” हेडबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुझ्याशी मला नंतर बोलायचंय.”

बाई एक पाऊल मागे सरकल्या. रायनाने बाईंकडे पाहिलं, मग हेडबाईंकडे.

“आयम इल,” ती म्हणाली. स्वच्छ, जराही न अडखळता.

“अरेरे,” गृहस्थ तोंड पुसत म्हणाले. “मग घरी जा, बाळ. इतरांना लागण नको.”

रायनाने हात सोडवून घेतला आणि ती निघून गेली. हेडबाईंनी हसत हसत एक बशी भरली आणि पेन्काबाईंपुढे धरली. आणि पेन्काबाईंनी ती घेतलीसुद्धा.