गालाला लावलेला कागद

"कागद नुसता गालाला लावला की त्याच्या सात पिढ्या सांगतो मी," असं म्हणून काकांनी मी रेखाटलेल्या छपाईच्या नव्या अक्षरांच्या नमुन्यासाठी जाड हातकागद निवडला.

"काका, ऑफसेटवर छापू या का?"

"ऑफसेट! त्यात शाई नुसती चाटून जाते रे. दाब हवा, दाब! तू फक्त बघत राहा."

मी बघत राहिलो. काकांच्या जुन्या, पायाने चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्रावरून पहिला ताव निघाला. कागद शाई घटाघटा प्यायला होता. 'क'चं पोट भरून काळं, आणि 'ङ' म्हणजे चिरडलेला डास.

पाच वर्षं घासली होती ही अक्षरं. चार वाजता प्रकाशकबाई येणार होत्या. पसंत पडली तर त्यांची सगळी शाळेची पुस्तकं माझ्या अक्षरांत, नाहीतर मी परत खोकल्याच्या औषधाची लेबलं काढायला. नापसंत असलं की बाई काही न बोलता उठतात, असं ऐकून होतो.

"आता हो?"

"आता काय! गुळगुळीत कागद घे. अक्षर सुईसारखं उठेल."

उठलं. सुरेख उठलं. फक्त वाळेना. त्या कागदावर शाई नुसती बसून राहिली, न जाणाऱ्या पाहुण्यासारखी. साडेतीनला काकांनी पंखा लावला. सात ताव जमिनीवर पालथे पडले, आठवा काकांच्या पाठीला चिकटला.

"काढ ना लवकर!"

"आधी शर्ट काढा!"

उरला एकच, दोरीला चिमट्याने लटकवलेला. त्याच्यावर मी फुंकर घालत उभा राहिलो. थुंकी उडेल या धास्तीने तीही अर्धीच.

बाई पाच मिनिटं आधीच आल्या. भिंग काढून ताव बघायला लागल्या. काका बनियनवर, भिंतीला पाठ लावून उभे.

"अक्षर झकास आहे हो," बाई म्हणाल्या. "पोटं किती स्वच्छ!"

माझ्या जिवात जीव आला.

"आणि कागद कुठला?" बाईही जुन्या मुरलेल्या, कागद ओळखायची रीत काकांचीच. त्यांनी डोळे मिटले आणि ताव वर उचलला.

"बाई, तेवढं जरा..." काका म्हणाले.

बाईंच्या उजव्या गालावर क ते ङ उमटले. एकाचंही पोट भरलेलं नव्हतं.