मुठीतला नंबर

ओहायोतल्या बंदुकांच्या बाजारात डेलनं टेबलावरची अक्रोडाच्या लाकडाची मूठ उलटली आणि आत कोरलेला नंबर वाचला. नेमबाजीच्या त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची हरवलेली मूळ मूठ हीच होती.

"बाई, जुळला! माझ्याच रिव्हॉल्व्हरचा नंबर!"

विकणारी व्हर्ना हसली. "चष्मा पुसा, आजोबा. ते कधीच वितळलं. माझ्या भावानं त्याच रिव्हॉल्व्हरनं जीव दिला. आठवण म्हणून मी मूठ काढून घेतली, बाकीचं वितळवायला पोलिसांना दिलं. आता मूठही विकायला काढलीय."

 डेलनं ते रिव्हॉल्व्हर पोलिसांच्याच लिलावात, मूळ मुठीशिवाय, घेतलं होतं.

व्हर्नाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं मूठ ओढून घेतली.

"हिच्याशिवाय ते अपुरंच ना?"

"हो."

"मग राहू दे अपुरं."