पात्रात कुणी उतरत नाही

घोटीच्या पलीकडे डोंगरात, एका धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजघर आहे. त्याच्या परवान्याची मुदत सरली होती. नवा देण्याआधी नदीकाठच्या लोकांचं ऐकून घ्यायचं, म्हणून त्या सकाळी वीजघरासमोर मांडव पडला होता. चंद्रभागा पुढच्याच सतरंजीवर बसली होती.

गावाचं आधीच ठरलं होतं. नदीत उतरतो असं कुणी बोलायचं नाही. बोललं की वीजघराची कंपनी काठाला कुंपण घालणार आणि वाळूत उकरलेले झिरे तुटणार. उन्हाळ्यात नळ कोरडे. पिण्याचं पाणी तेवढंच. यंत्र चालतं संध्याकाळी. तेव्हा पाण्याचा लोंढा पात्रात येतो. सकाळी निव्वळ वाळू. हे पोरासोरांनाही पाठ.

म्हणून तर तिनं निघताना सुनेला सांगितलं होतं, "निकिता, आज कंपनीचे समदे मांडवात हायत, कुणी बघायचं नाय. झिऱ्यावर जाऊन ये."

"पात्रात कुणी उतरतं का?" सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाय मॅडम," शेजारची कुसाबाई म्हणाली. "पाणी कुठाय उतराया? बेडूक बी मामाच्या गावाला गेलाय."

मांडव हसला. चंद्रभागाही हसली.

वीजघराचा इंजिनिअर खुशीत उठला. "तरी पाणी सोडण्याआधी आम्ही भोंगा वाजवतोच. चला मॅडम, यंत्र आत्ताच चालवून दाखवतो." त्यानं आतल्या माणसाला हात केला.

भोंगा तर गेल्या आखाजीच्या सणापासून मुका होता. आणि निकिता झिऱ्यावर वाकलेली असणार, धरणाकडे पाठ करून.

चंद्रभागा उठू लागली तसा कुसाबाईनं तिचा पदर ओढला. "गप बस, म्हातारे! समद्यांचं पाणी घालवशील."

"निकिता खाली हाय गं."

कुसाबाईच्या हातून पदर सुटला.

चंद्रभागा ताडकन उभी राहिली. भिंतीआड लोखंड करकरलं.

"थांबवा! माझी सून नदीत हाय!"

"मावशी, तिथं मनाईचा फलक लावलाय—" इंजिनिअर सांगू लागला.

"आधी बंद करा!" अधिकारी बाई ओरडल्या. "भोंगा वाजवा!"

बटण दाबलं गेलं. कावळासुद्धा उडाला नाही.

झडप बंद होईतो पाणी सुटलंच होतं. सगळे काठाकडे धावले. वाळूवरून गढूळ पाणी फेसाळत चाललं होतं आणि गुडघाभर पाण्यात निकिता हंडा कवटाळून उभी होती. कुणीतरी दोर टाकला. हंडा वाहून गेला. ती वर आली.

"आजी," अधिकारी बाईंनी हळूच विचारलं, "फक्त तुमचीच सून उतरते?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. हो म्हटलं असतं तर झिरे राहिले असते. उद्या दुसऱ्या कुणाची लेक राहिली नसती.

"समद्याच उतरतो," ती म्हणाली. "रोज. भोंगा वाजत नाय, ते लिवा. अन् कुंपण घातलं तर आमी प्यायचं काय, ते बी लिवा."

बाई लिहू लागल्या. गावातलं कुणी आता तिच्याकडे बघेना. चंद्रभागानं निकिताचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि बाईंचं लिहून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.