रुंद टायर पुढं का मागं

ज्या साली थोरली नात सुकन्या लग्न होऊन वाशिमला नांदायला गेली, त्याच साली धाकटीची लाल गाडी अंगणात उभी राहिली. म्हणजे दोन हजार चोवीस. चांगुणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एक पोर घरातून गेली अन् एक इंजिन घरात आलं. पोर निदान भाकरी तरी करत होती."

तिच्या नवऱ्याला, दगडोबाला, मात्र दोन्हींचं कौतुक. त्यानं जन्मभर मेंढरं राखली, सिद्धेश्वर धरणाच्या काठाकाठानं. अक्षर कळालं ते सत्तरी ओलांडल्यावर. गावच्या शाळेत साक्षरतेचा वर्ग निघाला आणि धाकटी नात शिवकन्या त्याची मास्तरीण झाली. मार्चमध्ये त्यानं परीक्षा दिली, पास झाला, आणि तेव्हापासून त्याला वाचायची जी खाज सुटली ती काही केल्या थांबेना. मिठाची पुडी वाच, खताचं पोतं वाच, एस.टी.ची पाटी वाच.

"आता टायर वाचून राहिला म्हातारा," चांगुणाबाई म्हणाली. "उद्या शेळीच्या कानावरचा बिल्ला वाचंल."

"त्यो वाचला कालच," दगडोबा म्हणाला.

टायरवरचे आकडे त्याला शिवकन्येनंच समजावले होते. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा रबराच्या उंचीचा, पण तो सरळ नाही, रुंदीच्या शेकडा किती तो. शेवटचा आकडा आतल्या रिमचा, इंचात. तिच्या गाडीला दोन टायर होते एकशे पासष्ट-पासष्टचे आणि दोन होते एकशे पंच्याण्णव-पंचावन्नचे. रिम चारी चौदाच्या, फक्त रुंद टायरांच्या रिम जरा रुंद.

शिवकन्या हिंगोलीला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. कनेरगाव नाक्याच्या बाबूसिंग भंगारवाल्याकडून तिनं एका जुन्या मोटारीचं इंजिन आणलं आणि ते सीटांच्या मागं बसवलं. पुढं नुसतं पत्र्याचं लांबडं नाक, बसायला दोघांची जागा, आणि गाडी इतकी बुटकी की मेंढी सहज आत डोकावेल. हिला स्पोर्ट्स कार म्हणतात, असं तिनं आज्याला सांगितलं.

"हिच्यात माल काय न्यायचा?" त्यानं विचारलं.

"काईच न्हाई, आबा. नुसती पळवायची."

"आस्सं," दगडोबा म्हणाला. नुसतं पळायचं, ही गोष्ट त्याला कळत होती. संध्याकाळी कोकरं पळतात, त्यांना कुठं जायचं असतं थोडंच?

अडचण होती ती तिच्या बापाची. विजयकुमार हिंगोली आगारात ड्रायव्हर. सव्वीस वर्षांत एक अपघात नाही, साधं खरचटलेलं नाही. रुंद टायर मागं लावायचे असं शिवकन्येनं ठरवलं होतं, पण त्यानं ते मोडून काढलं.

"चांगला टायर पुढं, हलका मागं. एस.टी.त नवा टायर पुढंच बसवतेत, जुन्यावर रबर चढवून रिमोल्ड केलेला मागं. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत न्हाई. मला शिकवू नको, शिवे."

तिनं एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं, मग बापाच्या मनाप्रमाणं रुंद टायर पुढं बसवले. वर विजयकुमारनं अट घातली. "मी समोर उभा राहून बघीन. वळणावर गाडीनं दगा दिला तर दुसऱ्या दिवशी बाबूसिंगला बोलवून भंगारात. कबूल?"

"कबूल," शिवकन्या म्हणाली. त्या एका शब्दाला तिचा आवाज जरा चिरकला, तो फक्त दगडोबानं ऐकला.

मे महिन्यात धरणाचं पाणी आटतं आणि काठची गाळाची जमीन उघडी पडते. सपाट, मऊ, ना दगड ना झाड. गाडीला नंबर नव्हता म्हणून सडकेवर आणायची सोय नव्हती. शनिवारी संध्याकाळी तिथंच तीन घमेली पालथी घालून वळणं आखली. पहिला फेरा नीट झाला. दुसरा नीट झाला. तिसऱ्याला शिवकन्येनं जरा जोर दिला आणि दुसऱ्या घमेल्यापाशी गाडीचं ढुंगण एकदम बाहेर फेकलं गेलं. गाडी भिंगरीसारखी दोनदा गरगरली, धुळीचा लोट उठला आणि खाली बसला. पोरगी धडधाकट होती. पण विजयकुमारचा चेहरा पांढरा पडला होता.

"ब्रेक दाबला तू वळणावर," तो म्हणाला. "हात कच्चा हाय तुझा."

"न्हाई दाबला, पप्पा."

"मी बघत होतो की." एवढं बोलून त्यानं तिथंच बाबूसिंगला फोन लावला. सकाळी दहाला टेम्पो घेऊन ये म्हणाला.

त्या संध्याकाळी शिवकन्या जेवली नाही. गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण हात कच्चा म्हटल्याचं जास्त लागलं होतं. दगडोबानं तिच्या ताटाकडं पाहिलं आणि मनात म्हणाला, गाडी नेऊ द्या नाही तर राहू द्या, पण लेकराच्या डोक्यावर खोटा आळ नको.

सकाळी मेंढरं अन् चांगुणाबाईला घेऊन तो गाळावर गेला. गाडी होती तिथंच उभी होती. आणि सगळीकडं तिचे माग उमटले होते, वारा नव्हता म्हणून जसेच्या तसे.

माग वाचायला दगडोबा शाळेत गेला नव्हता. हरवलेली मेंढी कुठल्या अंगाला गेली, लंगडी कुठली, तहानलेली कुठली, हे तो सहा वर्षांचा असल्यापासून जमिनीवरून सांगत आला होता. तो वाकला. काठी टेकत टेकत दुसऱ्या घमेल्यापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग मेंढरं चांगुणाबाईच्या हवाली केली आणि घरी जाऊन लेकाला आणि नातीला बोलावून आणलं. बाबूसिंगही तोवर टेम्पो घेऊन टपकला होता.

"बापू, काहून आणलं इथं?" विजयकुमार म्हणाला. "ठरलं त्ये ठरलं."

"बघ तर खरं. ह्यो रुंद माग पुढच्या चाकाचा, ह्यो बारका मागच्याचा. वळताना मागचं चाक नेहमी पुढच्याच्या आतून जाते. बैलगाडीचं बी तसंच. पहिल्या फेऱ्याला बराबर आतून गेलंय. आता हितं बघ." त्यानं काठी टेकली. "हितं बारका माग रुंदाला ओलांडून बाहेर गेला. फरफटत गेला. रुंद माग मात्र कसा हाय? सुरीनं कापल्यासारखा. पुढची चाकं जमिनीला धरून व्हती, मागची सुटली."

"ब्रेक दाबल्यावर सुटतेतच."

"ब्रेक दाबला असता तर चारी चाकांनी जमीन खरडली असती. पुढच्यानं खरडली न्हाई. पोरगी खरं बोलून राहिली. तिचा हात कच्चा न्हाई."

शिवकन्या खाली बघत उभी होती. तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"आपली गाभण मेंढी चालती तवा मागचे पाय कसे टाकती?" दगडोबा म्हणाला. "फाकून. ओझं जिकडं, तिकडं पाय रुंद. हिचं इंजिन मागं, अन् तू तिला मागं बारके खूर दिले."

"बापू, सव्वीस वर्षं गाडी चालवून राहिलो मी. एस.टी.त चांगला टायर पुढंच अस्तो."

"असंल की. एक सांग, तुझ्या एस.टी.ला पुढं चाकं किती?"

"दोन."

"अन् मागं?"

बाबूसिंग टेम्पोला टेकून उभा होता, तो फस्सकन हसला. "चार हैं, साब. दोनों बाजू जोड़ी लगती है."

"तू गप रे," विजयकुमार म्हणाला. पण त्याच्या आवाजातला ताठा गेला होता. तो खाली बसला आणि फराट्यावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "धरून चालू की बदलायचे. पण ह्ये रुंद टायर थोराड दिसतेत. मागं लावले अन् उंचीला जास्त भरले तर गाडी नाक खुपसून उभी राहील. मग आणखीच वंगाळ."

शिवकन्येनं मोबाइल काढला. दगडोबानं हात वर केला.

"थांब. मला करू दे."

त्यानं गाळ तळहातानं सपाट केला आणि काठीच्या टोकानं आकडे मांडले. एकशे पासष्ट गुणिले पासष्ट. हातचा बोटावर धरून ठेवत, ओठ हलवत, तो सावकाश गुणत गेला. मध्येच एकदा चुकला, पुसलं, पुन्हा मांडलं. मेंढरं लांब पांगली, चांगुणाबाई तिकडून ओरडली, "अवो, शाळा भरली का काय तिथं?" पण कुणी हललं नाही. बाबूसिंगही वाकून बघत होता. उत्तर आलं दहा हजार सातशे पंचवीस.

मग शेजारी एकशे पंच्याण्णव गुणिले पंचावन्न. पाच पंचे पंचवीस, हातचे दोन. शेवटची बेरीज करताना दगडोबाचा हात थांबला. त्यानं आधीच्या उत्तराकडं पाहिलं, मग ह्या उत्तराकडं, मग बेरीज पुन्हा केली.

"दहा हजार सातशे पंचवीस," तो म्हणाला. "एकच आलं! शिवे, दोन्हींची उंची एकच हाय. केसाचा फरक न्हाई!"

"व्हय, आबा," शिवकन्या म्हणाली. ती हसत होती आणि डोळे भरले होते. तेव्हा कुठं दगडोबाच्या ध्यानात आलं. एवढे बराबर टायर काही आपोआप जुळत नाहीत. पोरीनं बाबूसिंगच्या ढिगातून हुडकून हुडकून, हिशेब करूनच घेतले होते. तिला उत्तर पहिल्यापासून माहीत होतं. तरी ती मोबाइल खिशात घालून म्हाताऱ्याचा गुणाकार होईस्तोवर उभी राहिली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, हाताचा गाळ केसांना लागला.

विजयकुमारनं स्वतःच जॅक लावला. बाबूसिंगनं टेम्पोतला पाना काढला. अर्ध्या तासात पुढची चाकं मागं गेली, मागची पुढं आली. विजयकुमार गुडघे पोटाशी घेऊन लेकीशेजारी बसला.

"चल. काल होता तेवढाच जोर. कमी न्हाई."

गाडी निघाली. दगडोबानं गाडीकडं पाहिलंच नाही. तो दुसऱ्या घमेल्यापाशी नजर जमिनीला लावून उभा होता. गाडी आली, कानाजवळून गर्रकन वळली, गेली. धूळ बसल्यावर तो वाकला. रुंद माग बारक्याच्या आतल्या अंगानं गेला होता. सुरीनं कापल्यासारखा.

पाच फेरे झाले. विजयकुमार उतरला, शर्ट झटकला, गाडीमागं गेला आणि डेपोतून गाडी काढताना मारतात तशी मागच्या टायरला बुटानं एक ठोकर मारली. मग म्हणाला, "बाबूसिंग, च्या घेऊन जा. रिकामाच जाशील आज."

"आणि हात?" शिवकन्येनं विचारलं.

"हात माझ्यावर गेलाय तुझा," तो तिकडं न बघता म्हणाला. "काल मी भ्यालो व्हतो. म्हणून बोललो."

मग दगडोबा बसला. फेटा वरच्या पत्र्याला लागत होता म्हणून काढून मांडीवर घेतला. चांगुणाबाई मेंढरं सोडून धावत आली. "हळू ने गं! त्यो म्हातारा हाय, मेंढरू न्हाई!"

"नेमकं उलटं सांग तिला," दगडोबा आतून म्हणाला. "काल होता तेवढाच जोर. कमी न्हाई."

गाडी अजून आहे. रुंद टायर मागंच आहेत. त्याच चार टायरांवर शिवकन्येनं औरंगाबादच्या मैदानावरच्या शर्यतीत भाग घेतला, तिसरी आली. दगडोबानं प्रमाणपत्र स्वतः वाचलं, मोठ्यानं, दोनदा.

दगडोबा दोन हजार पंचवीसच्या तेरा जानेवारीला, भोगीच्या दिवशी सकाळी, राहत्या घरी वारला. वय बहात्तर होतं.